दाराला काटी

लोकांच्या दारात जाऊन त्यांना नको ते प्रश्न विचारायचे, याचा मला पगार मिळत होता. घरात जेवणारी तोंडं किती, बायको काय काम करते, पोरगी शाळेत जाते का, गेल्या सात दिवसांत तुम्ही काम शोधलं का. जावयाने सासऱ्याला विचारू नयेत असले प्रश्न मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या अनोळखी माणसांना सत्तावीस वर्षं विचारले. हाकललं फार थोड्यांनी. बहुतेकांनी आधी पाणी दिलं, मग उत्तर दिलं. पाणी गोड असायचं, उत्तरं क्वचित.

या अंकाच्या संपादकांनी मला "सर्व्हेतल्या गमतीजमती" लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, त्यातल्या एकदोन सांगतोही. पण मी लिहायला बसलो की हात दुसरीकडेच जातो. एक गोष्ट घशात अडकलेली आहे. ती निघेपर्यंत बाकीचं काही नीट सुचणार नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण माझ्या बायकोलाही तो लग्नानंतर बरीच वर्षं कळला नव्हता. हैदराबादेत अर्थशास्त्राची एक संशोधन संस्था होती. तिथे शिकलेली माणसं बसत. कोणाला काम मिळतं, कोणाला नाही, कोणाची पोरं शाळा सोडतात, गरीब गरीबच का राहतो, याचा ती अभ्यास करत आणि सरकारला सांगत की अमुक ठिकाणी शाळा हवी, तमुक योजना वाया चालली आहे. पण हैदराबादेत बसून उटनूरच्या जंगलातल्या बाईच्या चुलीवर काय शिजतं ते दिसत नाही. ते पाहून यायला माझ्यासारखा माणूस लागतो. कागदावर आम्ही "अन्वेषक" होतो. गावात कोणी गणतीवाला म्हणे, कोणी सार म्हणे, आणि दारूबंदीवाला समजून दोनतीनदा लोक पळूनही गेले.

मी मुधोळकडचा. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे. घरात मराठी, शाळेनंतर तेलुगू, आणि जुन्या पटवाऱ्याच्या दफ्तरात उमेदवारी केल्यामुळे कामापुरती उर्दू. एवढ्या भाषा एका पगारात मिळाल्यामुळे संस्थेने मला जिल्हाभर फिरवलं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, आमचा सगळा धंदा त्यावर चाले. गावातली सगळी घरं कोण विचारत बसणार? आधी गावाची यादी करायची. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यातून वीस घरं निवडायची आणि त्यांनाच विचारायचं. वीस घरं म्हणजे गाव, अशी दहाबारा गावं म्हणजे पट्टा, आणि पट्ट्यावरून सरकारचं धोरण. ऐकायला सुतावरून स्वर्ग गाठल्यासारखं वाटतं, पण काम प्रामाणिक असेल तर हे गणित खरंच बरोबर येतं. मी ते येताना पाहिलं आहे.

भरलेले फॉर्म हैदराबादला तपासले जात. एखादा रकाना रिकामा सापडला, एखादं उत्तर दुसऱ्याशी जुळलं नाही, की लाल पेन्सिलीचा गोल पडे आणि फॉर्म परत येई. मग पुन्हा त्या गावाची बस, पुन्हा ते घर. इतरांचे गठ्ठेच्या गठ्ठे परत यायचे. माझा एकही फॉर्म परत येत नसे. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

आता कबूल केलेली गंमत. बेल्लमपल्लीला राजुऱ्याकडचा एक माणूस भेटला, खाणीवरचं कंत्राटी काम सुटून दोन वर्षं झालेला. रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसायचा. मी विचारलं, "गेल्या सात दिवसांत काम शोधलं का?"

तो म्हणाला, "नाई."

"काऊन?"

"काम हाये का नाई ते मले मालूम हाये. नाई हाये. मंग शोधू काऊन?"

आमच्या शास्त्रात बेकार कोण, तर काम नाही आणि जो ते शोधतो आहे तो. जो शोधतच नाही तो बेकारांत धरत नाहीत. मी त्याला हे समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी कोन हावो जी?" माझ्याकडे त्यासाठी एक आकडा होता, तो मी लिहिला. पण त्याला सांगायला शब्द नव्हता.

दुसरी गंमत उटनूरकडची. जंगलातल्या एका गोंड पाड्यावर म्हातारी होती, डोळ्यांनी अधू. माझे सगळे प्रश्न संपल्यावर म्हणाली, "मांगच्या टायमाला एक आला होता, त्यानं भी असंच लिवून नेलं. त्याले सांग, जवाब आला नाई." तिला वाटत होतं की आम्ही तिची चिठ्ठी लिहून घेऊन जातो, तर उलट टपाली उत्तर यायला हवं. मी दफ्तरात हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे हसले, मीही हसलो.

हसण्याचं कारणही होतं. आम्हाला माहीत होतं की जवाब येत नाही. अहवाल छापला जाई, मंत्र्याच्या हातात देताना फोटो निघे, आणि मग तो कपाटात जाऊन पडे. आम्ही चहाच्या टपरीवर म्हणायचो, आपण एवढं उन्हातान्हात हिंडतो आणि वाचतं कोण? एकदा तरी कोणी वाचावं आणि त्याप्रमाणे करावं, अशी माझी फार इच्छा होती. ती एकदा पूर्ण झाली.

भैंशापासून बसने तासाभरावरचं ते गाव. नाव लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. पुसाच्या, म्हणजे पौषाच्या, सुमारास तिथला बौद्धवाडा आणि आसपासच्या मजुरांच्या आळ्या निम्म्या रिकाम्या होत. माणसं गोदावरी ओलांडून निजामाबादकडे हळदीच्या कामाला जात. हळद खणायची, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, शिजवायची, वाळवायची, घोळायची. तीनचार महिने तिकडेच पालं ठोकून राहायचं. पोरं बरोबर जात आणि त्यांची शाळा तिथेच संपे. म्हणून सरकारने त्या पट्ट्यात एक प्रयोग सुरू केला होता, हंगामी वसतिगृह. आईबाप हळदीला गेले तरी पोरांनी गावातच राहायचं, शाळेत जेवायचं, शाळेमागच्या दोन खोल्यांत झोपायचं. पोरांना सांभाळायला शांताबाई होत्या, एका शिक्षकाच्या विधवा. आवाज मोठा, हात त्याहून मोठा, आणि तीस पोरांच्या डोक्यातल्या उवा त्या स्वतः काढत.

प्रयोग तीन वर्षांचा होता. तो पुढे चालवायचा की बंद करायचा, हे आमच्या पाहणीवरून ठरणार होतं. लोक खरंच किती जातात, पोरं किती मागे राहतात, तेवढं आम्ही मोजून द्यायचं. आमच्या मॅडम, म्हणजे संस्थेतल्या अर्थशास्त्रज्ञ, ज्यांच्या हाताखाली मी होतो, त्यांनी निघताना मला मुद्दाम बजावलं होतं, "या वेळी ते खरंच वाचणार आहेत."

आता एक बारीक नियम सांगावा लागेल, कारण सगळं त्याच्यावर अडलं. निवडलेलं घर बंद असेल तर काय करायचं? त्याला आमच्याकडे आकडे होते. "एक" म्हणजे घर बंद. तो लिहिला की राखीव यादीतलं पुढचं घर बदली म्हणून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. "तीन" म्हणजे कुटुंब कामासाठी गावाबाहेर. तो लिहिला तर शेजाऱ्यांना विचारून वेगळं पान भरायचं, आणि ती माणसं परत आल्यावर पुन्हा गावात जायचं. दुसरी फेरी होईपर्यंत फॉर्म अपुरा धरला जाई.

त्या गावात माझ्या वीस घरांपैकी सात घरांच्या दाराला काटी होती.

काटी म्हणजे बाभळीची वाळकी फांदी. दार ओढून घ्यायचं, दोरीने बांधायचं आणि चौकटीत काटी आडवी खोचायची. याचा अर्थ आम्ही कामाला गेलो, हंगाम संपल्यावर येऊ. शहरातल्या माणसाला तो कचरा वाटेल. मला तो अर्थ कोणी सांगायची गरज नव्हती. माझी आई दर सुगीला आमच्या दाराला काटी लावायची. आमच्याकडे कुलूप नव्हतं, कारण कुलपाच्या मोलाचं घरात काही नव्हतं. मी लहानपणी एकदा विचारलं होतं की काटीने चोर थांबतो का. ती म्हणाली, "काटी कुत्र्यासाठी हाये, बाबू. मानसाले कळते का घर सोडलं नाई."

आणि आई कामाला गेली तरी मी शिकलो, ते कसं? आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला चार वर्षं सुगीच्या दिवसांत आपल्या घरी ठेवून घेतलं, त्यांच्या पोरांच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं. म्हणजे मी स्वतःच एका हंगामी वसतिगृहातून आलेलो. फक्त त्याला कोणी योजना म्हणत नव्हतं.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने त्या सात घरांपुढे "एक" लिहिला. घर बंद.

का लिहिला, याची फोड करणं मला सोपं जात नाही. त्या वर्षी कंत्राटावरच्या अन्वेषकांतून एकाला कायम करायचं होतं, आणि ज्याचे फॉर्म अपुरे नाहीत त्याची शिफारस जाणार होती. "तीन" लिहिला तर उन्हाळ्यापर्यंत माझे सात फॉर्म अपुरे राहणार. त्या पट्ट्यात प्रयोगाची चार गावं होती, चारही माझ्याकडे; चारही गावांत हीच गत आणि चारही ठिकाणी मी "एक"च लिहिला. मी मनाशी म्हटलं, घर बंद तर होतंच, खोटं काय लिहिलं? लबाडी करताना माणूस इतका नियमाने वागतो ते मी तेव्हा स्वतःकडे बघून शिकलो.

काम उरकून मी शांताबाईंकडे चहाला गेलो. पोरं जेवून ओट्यावर बसली होती. त्यातली एक चौथीतली पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रंजना तिचं नाव. तेल लावून घट्ट दोन वेण्या, आणि नजर थेट माझ्या गठ्ठ्यावर.

"सार, आमचं घर लिवलं का तुमी?"

"कोणतं तुझं?"

"सतरा नंबरचं. चिंचीपाशी."

मी कागद पाहिला. सतरा नंबर त्या सातांत होता. मी म्हटलं, "तुमचं घर बंद हाये न माय. बंद घर आमी सोडून देतो."

"मले विचारा न. मले सगळं मालूम हाये. आमच्या घरी पाच मानसं. बाबा, आई, दोघं भाऊ हळदीले गेले. मी शाळा शिकून राह्यली."

"मोठ्या माणसालेच विचारा लागते. असा नियम हाये."

तिने सतरा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "घर बंद हाये त का झालं, सार? मी त इथी हावो न."

शांताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी रंजनाच्या डोक्यावर टपली मारली आणि चहा संपवला. आदिलाबादला आल्यावर हा किस्साही मी दफ्तरात सांगितला, पोरगी वकील होणार म्हणून.

फॉर्म हैदराबादला गेले. एकही परत आला नाही.

अहवालात जे यायचं तेच आलं. जी घरं गेली ती मी सोडली, जी बदली घेतली ती सगळी गावातच होती. राहणाऱ्यांना विचारलं की तुम्ही जाता का, तर ते नाहीच म्हणणार. शितावरून भात पाहायचा होता आणि मी शिजलेलीच शितं वेचून दिली होती. या पट्ट्यात हंगामी स्थलांतर फारसं नाही, पोरं नियमित शाळेत आहेत, तेव्हा वसतिगृहाची गरज दिसत नाही, ते गरजेच्या ठिकाणी हलवावं, असा निष्कर्ष निघाला. मॅडमनी हातात आलेल्या आकड्यांवरून योग्य तेच लिहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा आमचा अहवाल कोणीतरी वाचला. चार महिन्यांत हुकूम निघाला आणि वसतिगृह बंद झालं.

मी कायम झालो. दफ्तरात पेढे वाटले.

पुढच्या वर्षी हंगाम संपता संपता दुसऱ्याच एका पाहणीसाठी मी त्या वाटेने जात होतो. गावात उतरलो. शाळेमागच्या खोल्यांत खताच्या गोण्या आणि मोडके बाक होते. शांताबाई घरी होत्या, ज्वारी पाखडत बसल्या होत्या. "जयभीम सार," म्हणाल्या आणि पाणी दिलं. पूर्वीचा आवाज नव्हता.

मी पोरांची चौकशी केली.

"पोरं? हळदीले गेली. कुठी ठेवतीन मायबाप त्याईले, माह्या घरी? आठ ठेवली होती म्या. पुरलं नाई." मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "ते रंजी आठवते न तुमाले? वेण्यावाली?"

मला आठवत होती.

"काहिलीपाशी काम करून राह्यली होती. पाय घसरला, हात आत गेला. उकळतं पानी. कोपरापासून खालतं सगळं पोळलं. निजामाबादले दवाखान्यात ठेवलं होतं महिनाभर. जगली. उजवा हात. बोटं जुळून गेली सार, एकाले एक."

शांताबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं.

"कोनीतरी लिवलं म्हनते का इथून कोनी जातच नाई. म्हनून बंद झालं. तुमी त हैदराबादवाल्याईच्या जवळचे. तुमाले मालूम असल. कोन लिवलं असल, सार?"

मी म्हणालो, "पाहतो."

त्या म्हणाल्या, "पोरगी घरीच हाये. भेटून जा. तुमची आठवन काढते ते."

मी भेटलो नाही. बसची वेळ झाली म्हणून सांगितलं. बसला अजून तास होता. तो तास मी फाट्यावरच्या झाडाखाली बसून काढला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या लाजिरवाण्या गोष्टींत तो तास पहिला आहे. फॉर्म चुकीचा भरला तेव्हा मला परिणाम माहीत नव्हता असं तरी म्हणता येईल. त्या झाडाखाली मला सगळं माहीत होतं.

त्याच आठवड्यात मी हैदराबादला जाऊन मॅडमना सांगितलं. बाई तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलत. त्यांनी कपाटातून त्या चार गावांचे गठ्ठे काढायला लावले आणि एकेक फॉर्म उलटला. "एक, एक, एक," असं पुटपुटत त्या बदली घरं मोजत गेल्या. मी नोकरी जाईल म्हणून उभा होतो. खरं सांगायचं तर ती जावी असंही थोडं वाटत होतं.

गठ्ठा संपल्यावर त्यांनी चष्मा काढला. "तुमचे फॉर्म स्वच्छ असतात म्हणून मी तुमच्या गावांची बदली घरं पाहिलीच नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाची असती तर विचारलं असतं की एवढी घरं बंद कशी." मग म्हणाल्या, "ती काटी तुम्हाला दिसली. मला दिसली नसती. मी तिथे गेले असते तरी मला कळलं नसतं. म्हणून तर तुम्हाला पाठवलं होतं."

त्या एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी स्वतःच्या सहीने सरकारला पत्र लिहिलं की आमच्या पाहणीत चूक आहे, निष्कर्ष मागे घेतो. असं पत्र लिहायला संशोधक माणसाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. त्यांच्या हाताखालची पोरंपोरी नंतर त्यावरून कुजबुजत. उत्तर दोन ओळींचं आलं. निर्णय प्रसिद्ध झालेल्या अहवालावरून घेतलेला आहे, पुढील पाहणीच्या वेळी फेरविचार करण्यात येईल. चुकीचं वाचायला चार महिने लागले होते, दुरुस्ती वाचायला कोणी मिळालं नाही. पुढली पाहणी झाली तेव्हा प्रश्नावलीच वेगळी होती आणि आमचा पट्टा त्यात नव्हता.

त्यानंतर मी काटी दिसली की "तीन" लिहायला लागलो. शेजाऱ्यांना विचारून कागदाच्या समासातही लिहू लागलो, कोण कुठे गेलं, पोरं कुठे आहेत, परत कधी येणार. माझे फॉर्म लाल गोल पडून परत यायला लागले. "अन्वेषक अनावश्यक मजकूर लिहितो," असा शेरा माझ्या नावावर आहे. दुसऱ्या फेऱ्या मी करत राहिलो, काही संस्थेच्या खर्चाने, काही माझ्या. त्या गावाचं नाव मात्र वर्षानुवर्षं यादीत आलं नाही, आणि मी स्वतः होऊन गेलो नाही.

नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात ते यादीत आलं. राज्याचे अजून दोन तुकडे झाले नव्हते, त्याच्या आंदोलनात रोज रस्ते बंद असायचे, आणि बस मिळेल त्या दिवशी काम. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या, शांताबाई वारल्या होत्या. चिठ्ठीत निघालेल्या घरांत सतरा नंबर होता.

मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि दारात बोचकी बांधून ठेवली होती. तिशीकडे झुकलेली एक बाई चुलीतला विस्तव विझवत होती. उजवा हात पदराखाली. बाहेर भिंतीला बाभळीची फांदी टेकवून ठेवलेली.

तिनेच मला आधी ओळखलं. "या सार. बसा. टेम्पो याले टाइम हाये."

आईबाप गेले होते, भाऊ वेगळे झाले होते. नवरा घरजावई म्हणून इथेच राहिला होता, तो टेम्पोवाल्याला बोलवायला गेला होता. मी फॉर्म काढला. नाव, वय, शिक्षण.

"चौथी," ती म्हणाली. "तुमाले त मालूम हाये."

मी चौथी लिहिलं. काम विचारलं. हळदीला आता काहिलीवर नाही, वाळवणावर जाते म्हणाली, एका हाताने होतं तेवढं. मग मी पेन खाली ठेवला आणि म्हटलं, "रंजना, त्या साली तुमचं घर म्या बंद लिवलं होतं. म्हनून ते वसतिगृह बंद पडलं."

ती विस्तवावर पाणी शिंपडत राहिली.

"हव," ती म्हणाली. "बंदच होतं घर." आणि मग, "म्या सांगतलं होतं न तुमाले."

तिने आवाज चढवला नाही. मी इतकी वर्षं त्या वाक्याला भीत होतो आणि तिने ते एखादा हिशेब आठवून दिल्यासारखं म्हटलं.

बोचक्यावर तिची पोरगी बसली होती, दहा वर्षांची, मराठी शाळेचं पुस्तक मांडीवर. रंजनाने तिला हाक मारली. "सुजे, साराईले तुहं नाव सांग. सगळं नीट सांग. ते लिवून घेतीन." पोरीने पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, वर्ग चौथा सांगितला. मी विचारलं, "शाळा?" ती आईकडे पाहायला लागली.

"शाळेत नाव हाये तिचं," रंजना म्हणाली. "या टायमाले सोबत नेतो. इथी कोनापाशी ठेवू?"

मी त्या घरापुढे "तीन" लिहिला आणि तिला दाखवला. "हा आकडा लिवला का दुसऱ्या फेरीले यावं लागते. तुमी परत आल्यावर."

"कोन येते?"

मी त्या महिनाअखेरीला निवृत्त होत होतो. म्हणालो, "कोनीतरी येईन."

टेम्पो आला. बोचकी चढली, पोरगी चढली, पुस्तकासकट. रंजनाने दार ओढलं, दोरी दातात धरून गाठ मारली आणि डाव्या हाताने काटी आडवी खोचली. मी मदतीला पुढे झालो तर मानेनेच नको म्हणाली.

दुसऱ्या फेरीला संस्थेकडून कोणी गेलं नाही. मी उन्हाळ्यात चौकशी केली तेव्हा नव्या साहेबांनी सांगितलं की वेळ कमी आहे, आहे तेवढ्यावर तक्ते तयार करत आहोत. म्हणून मी स्वतःच गेलो. हळदीची माणसं परत यायचे दिवस होते. आळीतल्या बहुतेक दारांच्या काट्या निघाल्या होत्या, आत चुली पेटल्या होत्या. सतरा नंबरला काटी तशीच होती. फांदीची साल सुटली होती आणि दोरीवर कोळ्याने जाळं केलं होतं. शेजारची बाई म्हणाली, "ते आता नाई येत. तिकडंच मालकापाशी राह्यले सालभऱ्यासाठी. पोरगीले भी काम लागलं."

मी सवयीने खिशाला हात लावला. पेन होता, फॉर्म नव्हता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की उत्तर होतं आणि लिहायला जागा नव्हती. ते मी इथे लिहितो, कोणी वाचेल न वाचेल. संपादकांनी लाल गोल केला तरी चालेल.

घर क्रमांक सतरा, चिंचेपाशी. दाराला काटी. कुटुंब कामासाठी गावाबाहेर, परतलेलं नाही. आई, शिक्षण चौथी. मुलगी, वय दहा, शाळेच्या हजेरीत नाव आहे. शाळेत नाही.